पेनड्राइव्हशिवाय नाटक

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पुण्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची धांदल उडते आणि नाटक बसवणाऱ्या बाईंना एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुमचं रेकॉर्डिंग कधी आहे?" ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही त्यांना हा प्रश्न कदाचित कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते. लहान वर्गांच्या नाटकांत आता अनेक ठिकाणी मुले रंगमंचावर बोलतच नाहीत. संवाद आधी एखाद्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून घेतले जातात, त्यात पार्श्वसंगीत, दाराची करकर, पावसाची सर असे सगळे मिसळले जाते, आणि प्रयोगाच्या दिवशी तो ट्रॅक वाजत असताना मुले आपापल्या वाक्याला ओठ हलवतात आणि शिकवलेले हातवारे करतात. पूर्वी याला कॅसेट लागे, मग सीडी लागू लागली, आता सगळे काम पेनड्राइव्हवर होते.

या पद्धतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी नाकारत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज मुळात बारीक असतो. सभागृहात पालक एकमेकांशी बोलत असतात, धाकटी भावंडे रडत असतात, आणि आपले मूल दिसले की पुढच्या रांगेत मोबाइल उंच धरले जातात. एका संध्याकाळी पंधरा-वीस कार्यक्रम उरकायचे असतात, त्यामुळे एखादे पात्र वाक्य विसरून उभे राहिले तर वेळापत्रकच कोलमडते. ट्रॅक मात्र विसरत नाही, अडखळत नाही आणि ठरलेल्या मिनिटाला संपतो. मुख्याध्यापक, निवेदक आणि ध्वनियंत्रणेवरचा माणूस, सगळ्यांनाच त्यामुळे हायसे वाटते.

तरीही तिसरीच्या वर्गाचे नाटक मी ट्रॅकवर करत नाही. माझा आक्षेप खोट्या आवाजाला नाही, कारण नाटकात दाढीसुद्धा खोटीच असते. आक्षेप असा आहे की ट्रॅक कोणाचे ऐकत नाही. एकाने काही बोलावे, दुसऱ्याने ते ऐकावे आणि ऐकल्यामुळे त्याने काहीतरी करावे, एवढ्यावर नाटक उभे असते. ट्रॅकला ओठ जुळवणारे मूल समोरच्याचे ऐकत नसते, ते स्वतःच्या वाक्याची वाट बघत असते. प्रेक्षकांचे तर कोणीच ऐकत नसते. एखाद्या वाक्याला हशा पिकतो, त्या हशात पुढची दोन वाक्ये बुडून जातात, आणि मंचावरची मुले कोणालाही ऐकू न येणाऱ्या शब्दांना इमानाने ओठ हलवत राहतात. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना माझे म्हणणे पटावे.

गेल्या वर्षी आम्ही जे नाटक केले त्याचा विषय वर्गातच सापडला. परिसर अभ्यासाच्या तासाला गावातल्या पाण्याविषयी बोलताना मी मुलांना घरच्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगितले की त्यांच्या लहानपणी घरात पाणी कुठून येत असे. बहुतेकांनी नळ, विहीर, बंब अशी अपेक्षित उत्तरे आणली. एक मुलगा मात्र वहीचे अख्खे पान भरून घेऊन आला, कारण त्याच्या आजोबांनी त्याला १२ जुलै १९६१ ची गोष्ट सांगितली होती. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, एवढे पुणेकरांना ठाऊक असते. आजोबांची गोष्ट मात्र पूर ओसरल्यानंतरची होती. शहराला पाणी पुरवणारे धरणच फुटल्यामुळे नळ कोरडे पडले होते, आणि चिखलाने भरलेल्या गल्ल्यांमधून लोक भांडी घेऊन विहिरींवर आणि जुन्या हौदांवर रांगा लावत होते. त्या रांगेत आठ वर्षांचे आजोबा एक तपेली घेऊन उभे होते.

हौद म्हणजे काय, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हते, जरी त्यांच्यातली काही रोज फडके हौदावरून किंवा नाना हौदाजवळून शाळेत येतात. त्यांच्या दृष्टीने ती चौकांची आणि थांब्यांची नावे होती. मग कात्रजच्या तलावातले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून केवळ उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत कसे आणले गेले, वाटेत ठिकठिकाणी हौद का बांधले, नळात हवा खेळावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास कसे ठेवले, हे सगळे सांगण्यात दोन तास गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात झालेली ही योजना पंप नसताना चालत होती, याचे मुलांना फार नवल वाटले. माझे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "पण बाई, पूर आल्यावर त्यांनी टँकर का नाही बोलावला?" हा प्रश्न मी तसाच उचलून नाटकात घातला. आजोबा गोष्ट सांगत आहेत, नातवंडे मधे मधे असे प्रश्न विचारत आहेत, आणि आजोबांच्या मागे ती हौदावरची रांग उभी राहते आहे, असा सांगाडा त्यातून तयार झाला.

रांग ही कल्पना नाटकाच्या दृष्टीने किती सोयीची आहे हे आधी माझ्याही लक्षात आले नव्हते. लहान मुलांचे नाटक बसवताना सर्वांत जास्त वेळ जातो तो कोणी कुठे उभे राहायचे यात. मुलांना मंचावर मोकळे सोडले की ती सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात, किंवा प्रार्थनेला उभी राहतात तशी एका ओळीत प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहतात. रांगेत हा प्रश्न निकालात निघतो. प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी आहे आणि मागे कोणीतरी आहे, प्रत्येकाच्या हातात भांडे आहे, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट हवी आहे. रांग नागमोडी ठेवली की मंचाची खोलीही वापरली जाते आणि मागचा चेहरा पुढच्याआड लपत नाही. वर्गातली छत्तीसच्या छत्तीस मुले त्या रांगेत मावली.

पात्रयोजनेवरून पालकांचे जे नाराजीनाट्य दरवर्षी घडते, तेही रांगेमुळे बरेच सौम्य झाले. "आमच्या मुलीला एकच वाक्य का?" हा प्रश्न आला नाही असे नाही, पण त्याला उत्तर देता आले. एकच वाक्य असलेली ती मुलगी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत मंचावर होती आणि तिच्या हातातली घागर रिकामी असताना हलकी आणि भरल्यावर जड आहे हे तिला घागरीत पाणी नसतानाच दाखवायचे होते. हे काम चार वाक्यांच्या भूमिकेपेक्षा कठीण आहे. तिने ते कसे साधले हे मी जवळून पाहिले आहे. घागर कमरेवर घेताना ती आधी गुडघे वाकवायची, उचलताना श्वास रोखायची, आणि चालायला लागल्यावर मोकळा हात नकळत बाहेर जायचा. मी तिला यातले काही सांगितले नव्हते. घरी पाण्याने भरलेली घागर एकदा उचलून बघ, एवढेच सांगितले होते.

संहिता मी मुलांच्या हाती छापून देत नाही. कागद घरी गेला की घरातले कोणीतरी उत्साही माणूस संवाद घोटून घेते, आणि दुसऱ्या दिवशी मूल ते वाक्य एका ठरलेल्या हेलात, मान वेळावत आणि तर्जनी नाचवत म्हणते. हा हेल एकदा बसला की तो काढणे नवे वाक्य शिकवण्यापेक्षा अवघड असते. आपल्याकडे नाट्यछटा स्पर्धांनी या हेलाला खतपाणी घातले आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यातली गंमत अशी की नाट्यछटा हा प्रकार मुळात ऐकण्याचा आहे. पुण्यातच शाळामास्तर असलेल्या दिवाकरांनी १९११ च्या सुमारास तो मराठीत आणला. त्यात एकच पात्र बोलते, पण त्याच्यासमोर न दिसणारी माणसे असतात, त्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, आणि ते त्या पात्राने ऐकले आहे हे त्याच्या उत्तरावरूनच प्रेक्षकाला कळते. म्हणजे दोन वाक्यांमधल्या जागेत ऐकण्याचा अभिनय करायचा असतो. स्पर्धेत मात्र ती जागाच गायब असते, कारण मिनिटे मोजलेली असतात आणि घरून पाठांतर चोख झालेले असते.

म्हणून आमच्या तालमी संवादांशिवाय सुरू झाल्या. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला बाक भिंतीला लावायचे, फरशीवर खडूने हौद आणि रांग आखायची, आणि प्रत्येकाने आपले भांडे घेऊन फक्त उभे राहायचे. पुढचा सरकला की आपण सरकायचे, एवढाच नियम. पहिल्या दिवशी सगळी मुले माझ्याकडे बघत होती. हळूहळू ती पुढच्याच्या पाठीकडे बघू लागली, मग हौदाकडे, मग कोणी घुसतो आहे का याकडे. घुसणारे पात्र मी गुपचूप ठरवत असे आणि इतरांना सांगत नसे. एखादा पुढे घुसला की रांगेत जी खरीखुरी आरडाओरड होई, तीच मी नंतर टिपून घेऊन संवाद म्हणून ठेवली. "ए, मी सकाळपासून उभा आहे," हे वाक्य लिहायला लेखक लागत नाही.

संवाद आल्यावर ओठांची भानगड सुरू झाली. लहान मुलांकडून नाटक करून घेतलेल्या कोणालाही ही ठाऊक असते. आपले वाक्य यायच्या आधी, दुसरे कोणी बोलत असताना, त्याचे शब्द आपल्या ओठांवर आवाज न करता येत राहतात. पाठांतर पक्के असलेल्या मुलांमध्ये हे अधिक दिसते, कारण त्यांना सगळ्यांचेच संवाद पाठ झालेले असतात. त्यांना दटावून उपयोग होत नाही, उलट मग ती ओठ घट्ट दाबून उभी राहतात आणि ते तर फारच विचित्र दिसते. मला त्यावर एकच उपाय सापडला, तो म्हणजे ऐकणाऱ्याला काम देणे. एका मुलीचे वाक्य होते, "आमच्या घरात बाळ आहे." त्यावर तिच्या पुढच्या मुलाने तिला आपली जागा द्यायची होती. त्याला मी सांगितले की ती कशी सांगते ते बघ, तुला पटले तरच जागा दे, नाही पटले तर देऊ नकोस. त्या दिवसापासून त्याचे ओठ हलायचे थांबले. दोन तालमींत त्याने खरोखरच जागा दिली नाही, तिला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले, आणि दुसऱ्यांदा ती त्याच्याकडे वळून, हेल टाकून, त्यालाच सांगितल्यासारखे म्हणाली. मी महिनाभर समजावून जे झाले नसते ते त्याच्या हटवादीपणाने झाले.

तालमीत मुलांना भांड्यांच्या नावाने हाक मारायची सवय मला लागली आणि ती वर्गातही राहिली. "तपेली, पुढे सरक", "चरवी, तुझी पाठ प्रेक्षकांकडे आहे", असे चाले. ही भांडी घरोघरची होती. स्टीलच्या बादल्या त्या काळाला शोभल्या नसत्या, म्हणून मी पालकांना माळ्यावर काही तांब्या-पितळेचे पडून आहे का ते बघायला सांगितले, आणि पुण्यातल्या माळ्यांवर अजून बरेच काही पडून आहे असे निघाले. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांच्यासाठी मी एका रविवारी जुन्या बाजारात जाऊन तीन कळश्या आणल्या, त्यातली एक गळकी होती आणि ती आम्ही मुद्दाम गळकी कळशी म्हणूनच वापरली. जुन्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. आपल्या कळशीवर ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेले पणजीचे नाव आणि खालची लग्नाची तारीख वाचताना मुले तालीम विसरत, आणि मीही त्यांना फारशी घाई करत नसे.

वेशभूषेवर मी वेळ घालवत नाही. मुलींना परकर-पोलके, मुलांना खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा, एवढ्यावर १९६१ साल उभे राहते, आणि भाड्याच्या ड्रेपरीचा खर्च वाचतो. गालांवर गुलाबी गोळे आणि ओठांना लाली लावण्याची जी प्रथा आहे ती मी त्या वर्षी मोडली, त्यावर दोन आयांनी नाराजी व्यक्त केली, आणि तो विषय तिथेच संपला.

खरी अडचण आवाजाची होती, कारण ट्रॅकच्या बाजूने केला जाणारा सगळा युक्तिवाद शेवटी याच मुद्द्यावर येऊन थांबतो. सामान्यतः मुलांना "मोठ्याने बोला" असे सांगितले जाते. मोठ्याने बोला म्हटले की मूल ओरडते, ओरडताना आवाज चिरका होतो, वेग वाढतो, आणि शब्द कळत नाहीत. त्यातही मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो. "हौदातलं पाणी" एवढे ऐकू येते, पण ते संपले, आले की सांडले हे कळत नाही, आणि आमच्या नाटकात तर सगळा प्रश्न तेवढाच होता. म्हणून आम्ही वाक्ये आखूड केली आणि शेवटचा शब्द समोरच्याच्या हातात ठेवायचा, असा खेळ केला. दोघांनी वर्गाच्या दोन टोकांना उभे राहायचे, एकाने वाक्य बोलायचे, आणि दुसऱ्याला शेवटचा शब्द कळला तरच त्याने एक पाऊल पुढे यायचे. हाच खेळ नंतर पंखे चालू ठेवून आणि मग मधल्या सुट्टीत पटांगणाच्या गलक्यात केला. ओरडणाऱ्यांपेक्षा सावकाश आणि समोरच्याला उद्देशून बोलणारी मुले लवकर एकमेकांपर्यंत पोहोचतात, हे मुलांनीच शोधून काढले.

ध्वनियंत्रणेवर बसणारे काका अनुभवी होते आणि त्यांचे म्हणणे होते की पुढे ठेवलेले माइक भांड्यांचा आणि पावलांचा आवाज जास्त उचलतील, आणि माइकचा आवाज वाढवला तर स्पीकरमधून परत तोच आवाज आत शिरून शिट्टी वाजेल. दोन्ही मुद्दे बरोबर होते. मग आम्ही मंचाच्या पुढच्या कडेवरचे माइक ठेवले, त्यांच्याखाली सतरंजीच्या घड्या घातल्या, मंचावर मागच्या बाजूला जाजम अंथरले, आणि जिथे महत्त्वाची वाक्ये होती तिथे रांगेचे वळण माइकजवळ येईल अशी आखणी केली. म्हणजे मूल माइककडे जात नव्हते, रांग सरकत सरकत त्याला तिथे आणत होती. रंगीत तालमीला रिकाम्या सभागृहात आवाज फार घुमत होता, तेव्हा काकांनीच धीर दिला की खुर्च्या भरल्या की माणसे आणि त्यांचे स्वेटर हा घुमारा पिऊन टाकतील. थंडीच्या दिवसांतल्या स्नेहसंमेलनाचा हा एक फायदा.

हशाची तालीम मात्र वेगळी घ्यावी लागली. हसणे समोर नसताना हसण्यासाठी थांबायला शिकवता येत नाही. म्हणून चौथीचा वर्ग आमच्या तालमीला बोलावला. टँकरचे वाक्य आले तेव्हा चौथीची मुले खदखदून हसली आणि आजोबा झालेला मुलगा गोंधळून हसण्यातच बोलून गेला. आम्ही तो प्रवेश पुन्हा केला, मी त्याला एवढेच सांगितले की नातवंडे बोलत असताना आजोबा जसे थांबतात तसे यांच्यासाठीही थांब. तो थांबला, पण जरा जास्तच, कारण सगळे अगदी शांत होईपर्यंत तो वाट बघत राहिला. हसणे ओसरायला लागले की बोलायचे, संपल्यावर नाही, ही बारीक गोष्ट त्याला तिसऱ्या वेळी जमली आणि त्यानंतर कधी चुकली नाही. आठ वर्षांचे मूल हे शिकू शकते, असे मी सांगितले तर सहकारी बाईंना खोटे वाटते. मोठ्या नटांना हे शिकायला वर्षे लागतात हे खरे, पण मोठ्या नटांना आपले वाक्य फार आवडत असते, मुलांना तसे नसते.

पुण्यात बालरंगभूमी म्हटले की बऱ्याच जणांना ग्रिप्सची नाटके आठवतात. बर्लिनची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये इथे आणली आणि तिच्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. ती नाटके मुलांनी बघायची असतात, आणि उत्तम असतात. मुलांनी करायच्या नाटकाचे शास्त्र वेगळे आहे आणि दोन्हींची गल्लत केली की आपण आठ वर्षांच्या मुलांकडून कसलेल्या नटांची सफाई मागू लागतो. ती सफाई मिळत नाही, आणि मग कोणीतरी स्टुडिओचा नंबर देतो. भालबा केळकर करंडकासारख्या बालनाट्य स्पर्धांत शाळकरी मुले स्वतःच्या तोंडाने बोलून अख्खी नाटके उभी करतात, हेही याच शहरात घडते, हे ट्रॅकचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. स्पर्धेची मुले निवडलेली असतात आणि त्यांना तालमीला वेळ अधिक मिळतो, हा फरक मला मान्य आहे. पण वर्गातली सगळी मुले घेऊनही ते होऊ शकते.

प्रयोगाच्या संध्याकाळी तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, आणि पहिल्या दोन मिनिटांत काही वाक्ये गेली, कारण पालक आपापली मुले शोधत होते. ट्रॅक असता तर ती वाक्ये ऐकू गेली असती, हे कबूल करायला हवे. मग सभागृह हळूहळू शांत झाले, आणि मला वाटते ते आवाज बारीक होते म्हणूनच झाले. कान देऊन ऐकावे लागते तेव्हा माणसे गप्प बसतात.

मधल्या एका प्रवेशात तपेली घेतलेला मुलगा धावत येतो आणि रांगेला विचारतो, "शेवटचं कोण आहे?" तालमीत याला रांगेतली गळकी कळशी हात वर करून "मी" म्हणत असे. त्या दिवशी तिने हात वर करायच्या आतच प्रेक्षकांतून, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून, एका वयस्कर गृहस्थांनी खणखणीत आवाजात उत्तर दिले, "मी आहे शेवटचा!" सभागृह हसले. विंगेत माझा श्वास अडकला. तपेली मंचाच्या कडेपर्यंत आली, अंधारात डोळ्यांवर हात धरून तिने बघितले, हसणे ओसरू लागेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "आजोबा, मग तुमचं भांडं कुठंय?" त्यानंतरच्या टाळ्या इतका वेळ चालल्या की गळक्या कळशीने मधेच आपला हात खाली घेतला, आणि टाळ्या थांबल्यावर पुन्हा वर करून, काहीशा तक्रारीच्या सुरात, "त्यांच्या आधी मी आहे," असे म्हणाली. या दोन वाक्यांपैकी एकही संहितेत नव्हते. नंतर कळले की ते गृहस्थ कोणा मुलाचे आजोबा होते आणि १९६१ साली नारायण पेठेत राहत होते.

नाटकानंतर भांडी परत देताना फार त्रास झाला नाही, कारण नावे घातलेली होती. शाळेने आता पुढच्या वर्षी दुसरी आणि चौथीची नाटकेही ट्रॅकशिवाय करावीत असा विचार चालवला आहे आणि मला त्याची जबाबदारी घ्यायला सांगितले आहे. चौथीबद्दल मला शंका नाही. दुसरीसाठी वेळ दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये, एका मुलाला सलग दोनपेक्षा जास्त वाक्ये देऊ नयेत, आणि तालमी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू कराव्यात, असे मी लिहून दिले आहे. पहिली आणि बालवाडीच्या मुलांना मात्र नाटकात ओढू नये, असेही त्याच कागदावर लिहिले आहे. त्यांच्यासाठी एक गाणे, थोड्या हालचाली आणि गोष्ट सांगणारी चौथीची एखादी ताई पुरेशी आहे. त्या कागदावर अजून निर्णय झालेला नाही, पण माझ्या वर्गातल्या यंदाच्या मुलांनी आपल्या घरच्या माळ्यांची पाहणी आधीच सुरू केली आहे.